रिपोर्टमध्ये खडाही आणि सिस्टही: घरी सांगायचं किती?

पत्राचा सारांश: पूर्व नागपुरात राहणाऱ्या ४७ वर्षांच्या एका गृहिणीचं हे पत्र आहे. त्यांचे पती ५२ वर्षांचे, बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात त्यांनी पाठ दुखते असं सांगितलं, म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आणायला या एकट्याच गेल्या. उजव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ४ मिलिमीटरचा खडा, डाव्या किडनीत २२ बाय १८ मिलिमीटरचा ‘सिम्पल कॉर्टिकल सिस्ट’, दोन्ही किडन्यांचा आकार ठीक आणि सूज नाही, असं त्यात लिहिलं आहे. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, “पथरी आहे, आणि दुसऱ्या बाजूला गाठ आहे.” त्या ऐकून हादरल्या. घरी खड्याचं सांगितलं, सिस्टचं सांगितलंच नाही. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. पतींचे काका डायलिसिसवर असताना गेले, सासरे ५५ व्या वर्षी हार्ट अटॅकने. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. भासरे म्हणतात, लग्नाआधी लेझरने उडवून टाका. जाऊबाईंनी पाषाणभेदाचा काढा आणून दिला आहे. सासूबाईंनी टमाटर, वांगी, दूध, दही सगळं बंद केलं आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की शिबिरात बीपी १५०/९६ निघालं, ‘पण ते उन्हातून गेल्यामुळे असेल’. आणि पाठीसाठी पती दीड वर्षापासून औषधाच्या दुकानातली एक गोळी जवळपास रोज घेतात. त्यांचे प्रश्न दोन: ऑपरेशन करून घ्यावं का? आणि सिस्टचं पतींना सांगावं, की लग्न होईपर्यंत लपवावं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खडा, सिस्ट, लग्न, काढा यांतच मन अडकलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींपाशी थांबले आणि तिथेच राहिले. त्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, पण मला अख्ख्या पत्रात त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्याकडे येतेच. आधी मात्र तो एक शब्द तुमच्या डोक्यातून काढायला हवा, नाहीतर माझं बाकीचं काहीच तुम्हाला ऐकू येणार नाही.

‘गाठ’ हा तो शब्द. तुमच्या रिपोर्टमध्ये तो कुठेही नाही. तिथे ‘सिस्ट’ लिहिलं आहे. काउंटरवरच्या माणसाने त्याच्या परीने त्याचं मराठी केलं आणि तुम्हाला ऐकू आला कॅन्सर. आपल्या घरांत कुणाला ‘गाठ निघाली’ म्हटलं की पुढचं कुणी विचारतही नाही, इतकं ते ठरून गेलेलं असतं. प्रॅक्टिसच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत उमरेडकडच्या एका शेतकऱ्याला मी स्वतः असंच म्हणाले होते, “बाबा, किडनीत लहानशी गाठ दिसते, काळजीचं काही नाही.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. दहाएक दिवसांनी त्यांचा मुलगा आला. बाबांनी जेवण जवळपास सोडलं होतं आणि दोन्ही पोरांना समोर बसवून वावराच्या वाटण्यांचं बोलणं सुरू केलं होतं. दोन सेंटिमीटरच्या पाण्याच्या पिशवीपायी. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यानंतर सिस्टला मी कधी गाठ म्हटलं नाही.

सिस्ट म्हणजे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली, पातळ आवरणाची पिशवी. ‘कॉर्टिकल’ म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरातली. वय वाढलं की केस पिकतात, तसे किडनीतही असे फुगे येतात. पन्नाशी उलटलेल्यांच्या सोनोग्राफीत असा एखादा सिस्ट दिसणं रोजचं आहे, बायकांपेक्षा पुरुषांत जरा जास्तच. माझ्या वडिलांच्या उजव्या किडनीत चार सेंटिमीटरचा होता. साठीत सापडला. ते चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, न्यूमोनियाने. मधल्या वीस-बावीस वर्षांत सिस्टने त्यांना एका दिवसाचाही त्रास दिला नाही.

तुम्ही विचाराल, तो साधाच आहे हे मशीनला कसं कळतं? सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी शरीरात सोडतात आणि त्या कशा परत येतात यावरून चित्र तयार होतं. द्रवातून लहरी आरपार जातात. म्हणून साधा सिस्ट पडद्यावर कुळकुळीत काळा दिसतो, त्याच्या कडा गुळगुळीत असतात आणि त्याच्या मागचा भाग उलट जास्त उजळतो. खड्याचं बरोबर याच्या उलट. त्यावर लहरी आपटून परततात, त्यामुळे तो पांढरा ठिपका चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, भर उन्हात विजेच्या खांबाची पडते तशी. ही लक्षणं नीट जमली तरच रेडिओलॉजिस्ट ‘सिम्पल’ असा शब्द लिहितात. तुमची समजूत काढण्यासाठी तो लिहिलेला नाही, ते निदान आहे.

अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्नियाक यांनी १९८६ मध्ये किडनीच्या सिस्टची एक वर्गवारी मांडली. सुधारणा होत होत ती आजही जगभर वापरतात. पहिल्या वर्गात साधे सिस्ट येतात, आणि त्यांना ना औषध लागतं, ना ऑपरेशन, ना दर सहा महिन्यांनी तपासणी. पुढच्या वर्गांत सिस्टच्या आत पडदे, जाड आवरण, भरीव भाग आणि त्या भागात रक्तपुरवठा अशा गोष्टी येत जातात, तशी कॅन्सरची शंका वाढत जाते. ती वर्गवारी मुख्यतः शिरेतून औषध सोडून केलेल्या सीटी स्कॅनवर ठरते. तेव्हा हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही आपले जुने रिपोर्ट काढून बघावेत. ‘कॉम्प्लेक्स’, ‘सेप्टेशन’, ‘थिक वॉल’, ‘इंटर्नल एकोज’, ‘सॉलिड कॉम्पोनंट’ यांतलं काही लिहिलेलं असेल तर पुढची तपासणी टाळू नका. ताई, तुम्ही उतरवून पाठवलेल्या मजकुरात यातला एकही शब्द नाही. तुमच्या यजमानांचा सिस्ट तिथे राहू द्यायचा आहे. कुणी सुईने पाणी काढून टाकू म्हणालं तर नको म्हणा. नुसतं पाणी काढलेला सिस्ट बहुधा पुन्हा भरतो. दुखायला लागला, त्यात जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्राची वाट दाबली गेली, तरच त्याच्यावर काही करायचा विचार होतो.

आता काकांचं. डायलिसिस हा शब्द घरात एकदा येऊन गेला की प्रत्येक किडनीच्या रिपोर्टमागे तोच उभा दिसतो. सिस्ट आणि डायलिसिस यांचा संबंध लावणारा एक आजार खरंच आहे. त्याला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. तो आईवडिलांकडून येतो आणि ज्याला तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यात दोन्ही किडन्या सिस्टनी भरून जातात, आकाराने मोठ्या होतात, बीपी वाढतं, पुष्कळदा लिव्हरमध्येही सिस्ट असतात. घरात हा आजार असलेल्या माणसाचं वय चाळीस ते साठच्या मधलं असेल, तर निदानासाठी प्रत्येक किडनीत निदान दोन तरी सिस्ट दिसावे लागतात. तुमच्या यजमानांना एकाच किडनीत एकच आहे, किडन्यांचा आकारही नेहमीचा आहे. त्यामुळे मला ही शंका फार कमी वाटते. तरीही काकांना नेमकं काय झालं होतं, हे विचारून घ्या. आपल्याकडे डायलिसिसवर जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं मधुमेह आणि बीपीची असतात. काकूंकडे जुन्या फाइली असतील तर मागून बघा. उत्तर कोणतंही आलं तरी ते तुमच्या कामाचं आहे.

खड्याकडे येते. चार मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याएवढा, किंवा त्याहून लहान. खालच्या कप्प्यात शांत बसला आहे. किडनीला सूज नाही, याचा अर्थ त्याने मूत्राची वाट अडवलेली नाही. आणि वाट अडवल्याशिवाय खडा सहसा दुखत नाही, हे नीट लक्षात घ्या. रिपोर्ट आल्यापासून ‘पाठ याच्यामुळेच दुखते’ असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. मला तसं वाटत नाही. खड्याची कळ दीड वर्ष रोज थोडी थोडी येत नाही. ती एकाएकी बरगडीखाली, कुशीत उठते, खाली जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. तो उठतो, आडवा होतो, येरझाऱ्या घालतो, ओकतो. वाकल्यावर, उभं राहिल्यावर, शिफ्ट संपताना दुखणारी आणि रात्री पडल्यावर हलकी होणारी पाठ बहुतेक वेळा स्नायूंची आणि मणक्यांची असते. म्हणजे उद्या खडा काढून टाकला तरी पाठ दुखतच राहील, आणि मग ऑपरेशन फसलं असं वाटेल.

सोनोग्राफीतला इतका लहान खडा दरवेळी खडाच असतो असंही नाही. आतल्या चरबीचा किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीचा चमकणारा ठिपकाही कधी खडा म्हणून नोंदला जातो. लहान खडे सोनोग्राफीत आहेत त्यापेक्षा एखाद-दोन मिलिमीटरने मोठेही मोजले जातात. माझ्याकडे वर्षभरात तीन ठिकाणी सोनोग्राफी करून आलेल्या एक बाई होत्या: एकीकडे ५ मिलिमीटरचा खडा, दुसरीकडे काहीच नाही, तिसरीकडे पुन्हा ४ मिलिमीटरचा. प्रत्येक रिपोर्टनंतर त्यांचं औषध बदललं होतं. तेव्हा पुढच्या वेळी ४ चा ५ झाला तर ‘वाढला’ म्हणून धावू नका. नेमकं बघायचं असेल तर साधा सीटी स्कॅन लागतो. पण त्यात किरणं आहेत, खर्च आहे, आणि आज तरी त्याने काही ठरणार नाही.

भासऱ्यांचं म्हणणं प्रेमापोटीच आहे. लग्नाच्या मांडवात भाऊ कळ येऊन पडू नये, एवढंच त्यांच्या मनात आहे. त्याला धरूनच बोलते. १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात पहिल्यांदा शरीराबाहेरून लहरी सोडून माणसाच्या किडनीतला खडा फोडला. त्याआधी बहुतेकांना कूस चिरून घ्यावी लागे. आज दुर्बीण मूत्राच्या वाटेने वर किडनीपर्यंत नेऊन लेझरने खड्याचा चुरा करता येतो. हे उपचार चांगले आहेत, गरज असते तिथे वरदान आहेत. पण बाहेरून फोडलेल्या खड्याचे तुकडे खालच्या कप्प्यातून वर चढून बाहेर पडायला सगळ्यात त्रासाचे. आणि लेझरसाठी भूल लागते, नंतर बऱ्याचदा डीजे स्टेंट नावाची नळी काही आठवडे आत ठेवतात. ती असेपर्यंत वारंवार लघवीला जावं लागतं, जळजळते, कधी लघवी लाल होते. शिवाय ती आठवणीने काढून घ्यावी लागते. वर्ष-दीड वर्ष नळी आतच राहून तिच्यावर खडे चढलेला एक तरुण मी पाहिला आहे. एका खड्यासाठी गेला होता, पुढे त्याला त्याहून मोठ्या ऑपरेशनला सामोरं जावं लागलं. ज्यांच्या आत अशी नळी आहे त्यांनी आज ती काढायची तारीख तपासावी.

न दुखणारा, न अडवणारा चार मिलिमीटरचा खडा असेल तर युरोलॉजिस्ट सहसा थांबून लक्ष ठेवायलाच सांगतात. सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी, मग वर्षातून एक. तो खाली सरकलाच तरी चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे स्वतःहून पडतात. पाच ते दहामधल्यांचं सांगता येत नाही, आणि दहाच्या वरचे बहुधा काढावे लागतात. एकच किडनी असलेला माणूस, पुन्हा पुन्हा संसर्ग होणारा माणूस, खडा भराभर वाढत असलेला माणूस यांचा हिशेब निराळा. तुमच्याकडे यातलं काही नाही. लग्नाची धास्ती असेलच तर ऑपरेशनपेक्षा एक कागद तयार ठेवा: कळ आली तर कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कुणाची, सोबत कोण. कळ भयंकर असते, पण इंजेक्शनने ती उतरते. आणि हे त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: कळीसोबत ताप किंवा थंडी वाजणं, लघवी बंद होणं, ओकाऱ्या न थांबणं, इंजेक्शननेही कळ न उतरणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेततं.

सासूबाईंनी जे बंद केलं आहे त्यातलं बरंचसं पुन्हा सुरू करा, पण त्यांना दुखावून नको. टमाटर-वांग्याच्या बियांनी खडे होतात, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं आहे. बिया किडनीपर्यंत जातच नाहीत. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून लोक कॅल्शियम सोडतात आणि तिथेच चुकतात. जेवणातलं दूध-दह्याचं कॅल्शियम भाज्यांतल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की तेच ऑक्झलेट रक्तात आणि तिथून किडनीत उतरतं. आपली ताकातली पालकाची भाजी मला म्हणूनच फार शहाणी वाटते: पालकात ऑक्झलेट भरपूर, आणि सोबतीला ताक. पालक रोज नको, शेंगदाणे-काजू मुठीने नकोत, एवढं पुरे. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या स्वतःहून घेत असतील तर त्या मात्र बंद करा, त्यांचं शरीरात ऑक्झलेट होतं.

खरा कमी करायचा पदार्थ मीठ आहे. जास्त मीठ म्हणजे लघवीतून जास्त कॅल्शियम, आणि वर बीपी. लोणचं, पापड, फरसाण, पोह्यांवरची तर्री, बाहेरचा सावजी रस्सा. सावजीतल्या तिखटाने खडा होत नाही. रविवारी ताटभर मटण आणि त्यातलं मीठ मात्र मोजावं लागतं.

आणि पाणी. हे लिहितेय तेव्हा बाहेर नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या आसपास आहे, आणि तुमचा माणूस पत्र्याच्या शेडखाली आठ तास उभा राहतो. घामावाटे इतकं पाणी जातं की लघवी घट्ट होते आणि घट्ट लघवीत क्षार साचतात. आपल्या भागात उन्हाळ्यात खड्याचे रुग्ण वाढतात ते यामुळेच. बोअरच्या खाऱ्या पाण्याला उगाच बोल लावतात. किती प्यायलो यापेक्षा किती बाहेर पडलं ते बघायचं. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी, आणि तेवढ्यासाठी या दिवसांत साडेतीन-चार लिटर पाणीही लागू शकतं. मोजत बसायचं नसेल तर रंग बघा, फिकट पिवळा हवा. पुष्कळ कामगार संडास लांब आहे, सुपरवायझर बोलतो, म्हणून मुद्दाम कमी पितात. हे त्यांना विचारा, घरी कुणी विचारत नाही. निदान घरून निघताना, जेवताना, घरी आल्यावर आणि झोपताना एकेक मोठा ग्लास ठरवून द्या. लिंबूपाणी उत्तम, कारण लिंबातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. पण मीठ आणि भरपूर साखर घालून नको. संत्र्यातही सायट्रेट भरपूर असतं. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की रोज एक-दोन खुशाल खाऊ द्या, नागपुरात राहून तेवढं तर सहज जमेल. बियरने खडा पडतो म्हणणारे मित्र असतील, त्यांचं ऐकू नये. दारूने शरीरातलं पाणी कमीच होतं.

जाऊबाईंच्या काढ्याबद्दल एवढंच. पाषाणभेद या एका नावाने ठिकठिकाणी वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे बाटलीत काय आहे हे त्यांनाही माहीत नसेल. लहान खडे आपणहून पडतात आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळतं. नावपत्ता नसलेल्या पुड्या आणि भस्मं मात्र अजिबात नकोत. अशा काहींमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि दोन्ही किडनीला घातक. जाऊबाईंना सांगा, काढ्याऐवजी त्यांनी भाऊजींना रोज पाण्याची आठवण करावी. माया तीच, उपयोग जास्त.

आता त्या शेवटच्या ओळी.

बीपी १५०/९६. सासरे ५५ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. वय ५२. दीड वर्ष रोज दुखण्याची गोळी. ताई, हे चार तुकडे तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी लिहिले आहेत, मी ते एका ओळीत मांडते आहे. खडा आणि सिस्ट फोटोत दिसले म्हणून घर त्यांच्याभोवती जमलं. बीपीचा फोटो निघत नाही. पण येत्या दहा-पंधरा वर्षांत तुमच्या यजमानांच्या किडनीला आणि हृदयाला धोका कशाचा, असं मला विचाराल तर मी त्या सिस्टचं नावही घेणार नाही. मी बीपीचं आणि त्या गोळीचं घेईन.

एकदा घेतलेल्या बीपीवर निदान होत नाही, तुमचं ‘उन्हातून गेल्यामुळे’ खरंही असेल. म्हणून मोजून बघा. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन विकत घ्या किंवा कुणाकडून आठवड्यासाठी आणा. सकाळी चहाआधी आणि रात्री जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा आणि मुलीच्या जुन्या वहीत लिहा. आठवड्याची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर आली तर ते बीपीच आहे, मग ऊन असो की सावली. १८०/१२० च्या वर गेलं, किंवा सोबत छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, तर वही बाजूला ठेवून थेट इस्पितळात.

गोळीचं पाकीट बघा. त्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन असं काही लिहिलं असेल, एकटं किंवा पॅरासिटामॉलसोबत, तर ती गोळी बीपी वाढवते, पोटात जखमा करते आणि रोज घेतल्याने किडनीचं नुकसान करू शकते. घामाने शरीर सुकलेलं असताना तर अधिकच. दुकानदार चिठ्ठी न मागता देतो म्हणून ती साधी ठरत नाही. उद्यापासून ती बंद. पाठ सहन होत नसेल तर डॉक्टरांना भेटेपर्यंत साधी पॅरासिटामॉल चालेल, आणि पाठीवरचा खरा उपाय म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यायचे. कामावर उभं राहायच्या ठिकाणी एक पाय आलटून पालटून लहान पाटावर ठेवला तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं.

तपासण्या कराव्या लागतील: रक्तातलं क्रिएटिनिन, साखर, कॅल्शियम, युरिक ॲसिड, लघवीची साधी तपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन. किडनी दिसते कशी हे सोनोग्राफी सांगते, ती काम कसं करते हे या तपासण्या सांगतात. तुमच्याकडे आज फक्त पहिलं आहे. हे सगळं आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्या. गरज पडली तर खड्यासाठी युरोलॉजिस्ट आणि किडनीच्या कामासाठी नेफ्रोलॉजिस्ट लागतील. खाजगी परवडत नसेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी इस्पितळात दोन्ही विभाग आहेत. रांग आहे, सकाळी लवकर जावं लागतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. लपवावं का? तुम्ही त्यांना जपायला म्हणून लपवलंत, हे मला कळतं. घाबरलेली बाई एकटीने रिपोर्ट घेऊन ई-रिक्षात बसून घरी आली आणि तिने अर्धाच उघडला, यात मला कुठे खोटेपणा दिसत नाही. पण सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी होईल आणि सिस्ट त्याही रिपोर्टमध्ये येईल. तेव्हा त्यांना वाटेल की नवीन काहीतरी उगवलं. मग जुना रिपोर्ट निघेल आणि त्यांना कळेल की तुम्हाला ठाऊक होतं. त्यानंतर ‘सगळं ठीक आहे’ हे तुमचं वाक्य त्यांना कधीच पुरं पटणार नाही, खरंच ठीक असेल तेव्हाही नाही. शिवाय साड्यांखालचा रिपोर्ट डॉक्टरांना कसा दाखवणार? एवढी जोखीम एका निरुपद्रवी पाण्याच्या पिशवीसाठी घेऊ नका.

त्यांची पहिली शिफ्ट असेल असा दिवस निवडा. संध्याकाळी अंघोळ-चहा झाला की रिपोर्ट काढा. सासूबाई, मुलगी कुणी समोर नको. किडन्यांचा आकार नेहमीचा आहे, सूज नाही, या ओळी आधी त्यांना वाचायला द्या. मग खडा, मग सिस्ट, ‘सिम्पल’ या शब्दावर बोट ठेवून. मग बीपीची वही पुढे करा आणि त्यांच्या गोळ्यांचं पाकीट मागून घ्या. ते चिडतील कदाचित. लपवल्याबद्दल नाही चिडले तर गोळी काढून घेतल्याबद्दल चिडतील. चिडू द्या. सुरुवात कशी करू, असं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते: “त्या दिवशी मी घाबरले होते, म्हणून तुम्हाला अर्धंच सांगितलं. आता पूर्ण वाचून आले आहे. बसा जरा.”